विजेचा साठा : बंगळूरची एक जुनी विवंचना

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीच्या पठारावर वसलेले आहे. तेथील समशीतोष्ण हवेची ख्याती सर्वांस ठाऊक आहे. परंतु मोठ्या शहराच्या निर्वाहाला ज्या दोन गोष्टी लागतात, त्या दोन्ही निसर्गाने या शहराला नाकारल्या आहेत. त्याच्या जवळून एखादी मोठी नदी वाहत नाही, आणि आसपासच्या भूमीच्या पोटात कोळसाही नाही. सोळाव्या शतकात केंपेगौडाने हे नगर वसविले तेव्हापासूनच, पावसाळ्यात पडलेले पाणी तळ्यांत अडवून ते वर्षभर पुरविणे हा येथील जीवनाचा क्रम ठरून गेला. सतराव्या शतकात हे ठाणे शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हाही शहराची तहान भागत होती ती या तळ्यांवरच. जे थोडा काळ येते आणि निघून जाते, ते साठवून ठेवल्यावाचून या शहराला गत्यंतर नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी पाण्याच्या जोडीला वीज आली, आणि तीच विवंचना नव्या रूपाने उभी राहिली. वीज उत्पन्न करणे मनुष्याला पुष्कळ लवकर साधले. ती हवी त्या घटकेला हाताशी असणे मात्र अद्यापही पुरते साधलेले नाही. आज उन्हापासून आणि वाऱ्यापासून निघणारी वीज हायड्रोजन वायूच्या रूपाने साठवून ठेवण्याचा विचार जगभर चालू आहे. हा विचार अगदी नवा वाटतो. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न बंगळूरच्या पहिल्या दिव्याइतकाच जुना आहे.

या कथेचा आरंभ बंगळुरात होत नाही. तो कोलारच्या सोन्याच्या खाणीत होतो. 1880 नंतर जॉन टेलर आणि कंपनीच्या व्यवस्थेखाली या खाणी भराभर खोल जाऊ लागल्या. खडक फोडणे, पाणी उपसणे, माणसे आणि माल वर ओढणे या सर्व कामांना वाफेची यंत्रे लागत, आणि त्या यंत्रांना लागे लाकूड व दुरून आणलेला महागडा कोळसा. त्याच वेळी कोलारपासून नव्वद मैलांहून अधिक अंतरावर, शिवनसमुद्र येथे, कावेरी नदी दोन प्रवाहांत विभागून गगनचुक्की आणि भरचुक्की या धबधब्यांच्या रूपाने खोल दरीत कोसळत होती. या कोसळत्या पाण्याची शक्ती तारेवरून कोलारला न्यावी, अशी योजना म्हैसूर संस्थानचे दिवाण सर के. शेषाद्री अय्यर आणि संस्थानच्या सेवेतील लष्करी इंजिनियर जोली द लोत्बिनिएर यांनी आखली.

त्या काळाचा विचार करता ही योजना साहसाचीच होती. एवढ्या लांबवर तारेने वीज नेल्याची उदाहरणे जगातही तेव्हा विरळाच होती. विजेची यंत्रे अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून आली, पाण्यावर फिरणारी टर्बाइने स्वित्झर्लंडच्या एशर व्हिस कारखान्यातून आली. मद्दूर हे रेल्वेचे जवळचे स्थानक. तेथून पुढे ती अवजड यंत्रे बैलांनी आणि हत्तींनी ओढून धबधब्यापर्यंत पोहोचविली. 1902 च्या जून महिन्यात शिवनसमुद्राची वीज कोलारला खेळू लागली. शेषाद्री अय्यर यांना मात्र तो दिवस दिसला नाही. 1901 च्या सप्टेंबरमध्येच त्यांचे देहावसान झाले होते. पुढे तीन वर्षांनी, 1905 साली, याच विजेवर बंगळूर शहरातील रस्त्यांचे दिवे लागले.

या क्रमाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. प्रथम खाण, मग शहर. आणि ज्या खेड्यांच्या शिवारांतून त्या तारा गेल्या त्यांचा क्रम तर कित्येक दशकांनंतरचा. तारेखालून जाणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात रॉकेलची चिमणी मिणमिणत होती, आणि डोक्यावरून शक्ती वाहून जात होती ती भूगर्भातील सोने वर काढण्यासाठी. वीज कोणासाठी, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही.

वेगळाच एक प्रश्न मात्र लवकरच समोर आला. शिवनसमुद्राचे वीजघर नदीच्या चालू प्रवाहावर अवलंबून होते. पावसाळ्यात कावेरी दुथडी भरून वाहे, तेव्हा लागेल त्याच्या कितीतरी पट पाणी कड्यावरून वाया जाई. उन्हाळ्यात तीच नदी इतकी रोडावे की, यंत्रांना पुरेसे पाणी मिळण्याची मारामार पडे. खाणींना तर वीज बारा महिने चोवीस तास हवी होती. खोल खाणीतील पंप नदीला पूर येईपर्यंत थांबून राहू शकत नाही.

या अडचणीला ज्यांनी उत्तर शोधले त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध होता. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले, तेथे त्यांनी इंजिनियरिंगचे शिक्षण पुरे केले आणि 1884 पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, खानदेश, पुणे अशा ठिकाणी दीर्घकाळ सेवा केली. पाण्याची पातळी ठराविक उंचीवर गेली की आपोआप उघडणारे आणि ती खाली आली की आपोआप मिटणारे त्यांचे दरवाजे प्रथम बसले ते पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर, 1903 साली. धरणाची भिंत न वाढविता तिच्यामागे अधिक पाणी कसे राखता येईल, याचा तो विचार होता. साठवणीचे हे शास्त्र पदरी घेऊन विश्वेश्वरय्या 1909 साली म्हैसूर संस्थानचे मुख्य इंजिनियर झाले.

त्यांनी कण्णंबाडी येथे कावेरीवर मोठे धरण बांधण्याची योजना पुढे मांडली. पावसाळ्याचे पाणी अडवावे, उन्हाळ्यात ते मोजून सोडावे, म्हणजे खाली शिवनसमुद्रची यंत्रे वर्षभर एकसारखी फिरतील, आणि जोडीला मंड्याच्या कोरड्या मुलखाला कालव्याचे पाणी मिळेल, असा तिचा दुहेरी हेतू होता. 1911 साली काम सुरू झाले; सुमारे वीस वर्षांनी ते पूर्ण झाले. हेच कृष्णराजसागर. याच ठिकाणी टिपू सुलतानाने 1794 साली धरणाची कोनशिला बसविली होती, असे सांगणारा फारसी शिलालेख बांधकामाच्या वेळी सापडला आणि तो धरणाच्या प्रवेशद्वारापाशी लावण्यात आला. शंभराहून अधिक वर्षांच्या अंतराने दोन अगदी भिन्न राजवटींना नदी अडविण्यासाठी हीच जागा सुचावी, हा योगायोग असला तरी अर्थशून्य नाही.

म्हणून कृष्णराजसागराकडे केवळ वृंदावन बागेच्या शोभेसाठी पाहणे अपुरे होईल. ते विजेचेही कोठार आहे. पाणी उंचावर थोपवून धरणे म्हणजे शक्ती थोपवून धरणे. मुंबईच्या गिरण्यांसाठी टाटांनी खोपोली येथे 1915 साली जे वीजघर चालू केले, तेही याच तत्त्वावर उभे होते. लोणावळ्याच्या परिसरात चार महिने कोसळणारा पाऊस तलावांत साठवायचा आणि उरलेले आठ महिने तो घाटाखाली सोडायचा, अशी ती व्यवस्था होती.

परंतु साठा करणे म्हणजे कोणाच्या तरी ताब्यातील वस्तू अडविणे, ही गोष्टही याच काळात उघडी पडली. कृष्णराजसागराखाली जुने कण्णंबाडी गाव गेले. तेथील वेणुगोपाळाचे मंदिर पाण्यात बुडाले. कावेरीच्या खालच्या अंगाला तंजावरचा भातशेतीचा मुलूख होता, आणि नदी वर अडविली तर आमच्या शेतांचे काय, असा मद्रास सरकारचा सवाल होता. 1892 साली या दोन सरकारांत एक करार झालेला होता. पुढे वाद वाढत जाऊन 1924 साली दुसरा करार झाला. त्यानेही तंटा मिटला नाही. तो 1990 साली लवादाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाकडे गेला, आणि 2018 साली त्यावर न्यायालयाचा निकाल झाला.

महाराष्ट्राला या अनुभवाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. मुळशी येथे टाटांच्या वीजयोजनेसाठी धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी 1921 साली सत्याग्रह मांडला आणि सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. मुंबईला मिळणाऱ्या विजेचा लाभ कोणी नाकारीत नव्हते. एका ठिकाणच्या दिव्यासाठी दुसऱ्या ठिकाणची चूल कायमची विझावी काय, हा त्या सत्याग्रहाचा प्रश्न होता. धरण झाले, भिरा येथे वीजघर झाले, आणि प्रश्न तसाच राहिला.

इकडे बंगळूर वाढतच गेले. कावेरीची वीज पुरेना म्हणून शरावती नदीकडे दृष्टी वळली. 1948 साली जोगच्या धबधब्यापाशी वीजघर सुरू झाले, आणि 1960 नंतरच्या दशकात लिंगनमक्कीचे विस्तीर्ण जलाशय व त्याखालचे मोठे वीजघर उभे राहिले. त्यापायी मलनाडातील अनेक गावांना उठावे लागले. नद्यांचीही मर्यादा आली तेव्हा 1985 पासून रायचूर येथे कोळशावर वीज निर्माण होऊ लागली. ज्या कोळशाच्या परावलंबनातून सुटण्यासाठी शिवनसमुद्राची योजना आखली गेली होती, तोच कोळसा दुरून आगगाड्यांनी येऊ लागला. दरम्यान आणखी एक उलटापालट झाली. 1974 साली कावेरीचे पाणी नळाने बंगळूरला आले. शिवनसमुद्राच्या परिसरातून ते सुमारे शंभर किलोमीटर दूर आणि सुमारे पाचशे मीटर उंच चढवावे लागते. ज्या नदीने एके काळी खाली पडून या शहराला वीज दिली, तिलाच वर चढविण्यासाठी शहराला वीज खर्ची घालावी लागू लागली.

अलीकडच्या काळात सूर्य पुढे आला. बंगळूरच्या उत्तरेस, तुमकूर जिल्ह्यातील पावगड हा वारंवार दुष्काळ पडणारा तालुका. तेथे सुमारे 13,000 एकर जमीन शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेऊन 2,050 मेगावॅट क्षमतेचे सौर उद्यान उभारण्यात आले. 2018 साली त्यातून वीज मिळू लागली आणि 2019 च्या अखेरीस ते पूर्ण झाले. जमीन विकत न घेता भाड्याने घेतल्यामुळे मालकी शेतकऱ्यांकडेच राहिली, हे मुळशीच्या तुलनेत पुढचे पाऊल म्हटले पाहिजे. मात्र ज्यांच्यापाशी जमीनच नव्हती, त्या शेतमजुरांना भाडे मिळण्याचा प्रश्न नव्हता.

सूर्याची वीज नदीच्या विजेहूनही चंचल. नदी उन्हाळ्यात आटते. सूर्य रोज संध्याकाळी मावळतो, आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात. 1902 साली ऋतूंचे अंतर भरून काढायचे होते. आता रोजच्या रात्रीचे आणि त्याखेरीज ढगाळ पावसाळ्याचेही अंतर भरून काढायचे आहे. रात्रीपुरता उपाय माहीत आहे. सह्याद्रीत घाटघर येथे 2008 पासून चालत आलेली व्यवस्था अशी की, मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि मागणी वाढली की ते पुन्हा खाली सोडायचे. विजेच्या शंभर भागांपैकी पाऊणशेहून अधिक भाग त्यातून परत मिळतात. विद्युत्‌घटांच्या मोठ्या संचातून तर त्याहूनही अधिक मिळतात. पण आठवडे न् महिने पुरेल एवढा साठा करायचा तर घटांचा खर्च आवाक्याबाहेर जातो, आणि नवे जलाशय म्हटले की नवे बुडीत क्षेत्र आले. शरावतीच्या खोऱ्यात अशाच 2,000 मेगावॅटच्या योजनेला पश्चिम घाटातील अरण्याच्या रक्षणासाठी विरोध झाला, तो यामुळेच.

येथे हायड्रोजनचा विचार पुढे येतो. पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला की त्याचे हायड्रोजन आणि प्राणवायू असे दोन घटक वेगळे होतात, हे 1800 साली निकल्सन आणि कार्लाइल यांनी दाखविले. याच्या उलट, हे दोन वायू एकत्र आणून त्यांतून वीज मिळविता येते, हे 1839 च्या सुमारास विल्यम ग्रोव्ह याने सिद्ध केले. म्हणजे वीज देऊन पाणी फोडावे, वायू साठवावा, आणि हवे तेव्हा तो प्राणवायूशी जोडून वीज परत घ्यावी; अखेरीस हाती उरते ते पुन्हा पाणीच. डेन्मार्कमध्ये पोल ला कूर या शिक्षकाने 1891 साली अस्कोव्ह गावी पवनचक्की उभारून हा वायू साठविला, आणि 1895 पासून काही वर्षे तेथील लोकविद्यालयाचे दिवे त्यावर जाळले. वायूचे मिश्रण बिघडून स्फोट झाले आणि खिडक्यांच्या काचा फुटल्या, असे प्रसंगही तेथे घडले. पुढे उतारवयात भारतात येऊन राहिलेले शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी 1923 साली केंब्रिज येथील व्याख्यानात, कोळसा संपल्यावर पवनचक्क्यांच्या रांगा आणि भूमिगत टाक्यांत साठविलेला द्रवरूप हायड्रोजन यांवर देश चालतील, असे भाकीत केले होते. स्वतंत्र भारतात 1961 साली सुरू झालेल्या नंगल येथील खत कारखान्यात भाक्राच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन मिळविला जात असे. विजेची इतर मागणी वाढत गेली तशी ती पद्धत मागे पडली.

या वायूचे गुण मोठे, तशी त्याची किंमतही मोठी. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे 33 युनिट शक्ती असते. पण तो तयार करण्यासाठी पन्नासाहून अधिक युनिट वीज आणि निदान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. परत वीज करताना आणखी निम्मी शक्ती उष्णतेत जाते. एकूण हिशेब असा की, शंभर भाग घालावेत तेव्हा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास परत मिळते. हा वायू इतका हलका की, साध्या दाबाखाली एका किलोला जवळजवळ बारा घनमीटर जागा लागते. म्हणून तो भारी दाबाने कोंडावा लागतो, किंवा शून्याखाली 253 अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो. मात्र एकदा नीट कोंडला की तो महिनोन् महिने टिकतो, आणि त्यासाठी गाव बुडवावे लागत नाही. थोडक्यात, तो पेवात पुरलेल्या धान्यासारखा आहे. रोजच्या भाकरीसाठी कोणी पेव उघडीत नाही. पण आषाढात कणगी रिती झाली म्हणजे त्याचे मोल कळते.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत या शास्त्राचा एक मोठा जाणकार होऊन गेला. अमूल्य रेड्डी यांचा जन्म 1930 साली बंगळुरातच झाला. वीज आणि रसायन यांचे नाते हा त्यांचा विषय. 1970 साली बोक्रिस यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला ग्रंथ जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासला गेला. पाणी फोडणारे यंत्र आणि वायूपासून वीज करणारा इंधनघट या दोहोंचा पाया असलेले हेच शास्त्र. पण या विद्वानाला आपल्या विद्येचा उपयोग कोणाला, हा प्रश्न बेचैन करू लागला. 1974 साली त्यांनी संस्थेत ग्रामीण भागासाठी विज्ञान आणि तंत्र राबविणारे ‘अस्त्र’ हे केंद्र सुरू केले.

तुमकूर जिल्ह्यातील पुरा या खेड्यात या केंद्राने शेणाच्या गॅसचा सार्वजनिक प्रकल्प उभारला. आरंभी हेतू होता घरोघरी स्वयंपाकाला गॅस देण्याचा. पण गावातले शेण तेवढ्याला पुरेना. तेव्हा 1987 पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून पिण्याचे पाणी उपसण्यास आणि घरांत दिवे लावण्यास सुरुवात झाली. गावकऱ्यांनी शेण आणून द्यावे आणि खत परत न्यावे, अशी देवघेव होती. 1988 साली होसहळ्ळी या दुसऱ्या खेड्यात लाकडापासून गॅस करणारे छोटे यंत्र बसले. त्यासाठी गावानेच झाडे वाढविली. दिवे, पाणी आणि पिठाची गिरणी त्यावर चालू लागली. इंजिनाला थोडे डिझेल लागे, परंतु बहुतेक काम हा गॅस करी. या गॅसमध्ये सुमारे पाचवा हिस्सा हायड्रोजनच असतो. म्हणजे होसहळ्ळीचा साठा झाडात होता. झाडाने पानांवाटे घेतलेले ऊन लाकडात टिकून राहिले होते, आणि लागेल तेव्हा त्याचा वायू होत होता.

रेड्डी यांचे दुसरे कार्य याहूनही दूरगामी होते. कर्नाटक राज्याला पुढे किती वीज लागेल याचे मोठमोठे अंदाज बांधून त्यानुसार नवी वीजघरे मागण्याची रीत 1980 नंतरच्या दशकात रूढ झाली होती. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब उलट बाजूने मांडला. वीज किती हवी हे आधी ठरवू नये. उजेड किती हवा, पाणी किती उपसायचे, यंत्र किती फिरवायचे हे आधी ठरवावे, आणि मग ते काम कमीत कमी विजेत कसे होईल ते पाहावे. अशा रीतीने पुष्कळ कमी विजेत सर्वांची गरज भागविता येते, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. 2006 साली त्यांचे निधन झाले.

त्यानंतर हायड्रोजनचे युग खरोखरच जवळ आल्याची चिन्हे दिसू लागली. 2022 साली विज्ञान संस्थेतील संशोधकांनी शेतातील काडीकचरा वाफेच्या आणि प्राणवायूच्या साहाय्याने तापवून एक किलो काडीकचऱ्यामागे शंभर ग्रॅम हायड्रोजन मिळविल्याचे जाहीर केले; त्या काडीकचऱ्यात मुळात साठच ग्रॅम हायड्रोजन असतो, उरलेला वाफेतून येतो. त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने तयार झालेली इंधनघटावर चालणारी बस लोकांसमोर आली. 2023 च्या जानेवारीत केंद्र सरकारने 19,744 कोटी रुपयांची राष्ट्रीय हरित हायड्रोजन योजना मंजूर केली. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन उत्पादन हे तिचे लक्ष्य आहे. बंगळुरात मुख्यालय असलेल्या अंतराळ संशोधन संघटनेने 2024 च्या जानेवारीत असा एक छोटा इंधनघट अंतराळातही चालवून पाहिला.

तंत्र पुढे गेले, यात शंका नाही. परंतु शिवनसमुद्रापासून पावगडपर्यंतचा इतिहास एक गोष्ट वारंवार बजावून सांगतो. शक्तीचा साठा ही केवळ यंत्राची बाब नसते. कृष्णराजसागराने उन्हाळ्यावर मात केली, पण त्या मातीवर कोणाचा हक्क होता आणि त्या पाण्यावर कोणाचे पीक अवलंबून होते, हा हिशेब त्याच्या योजनेत पुरता धरला गेला नव्हता. तो पुढची शंभर वर्षे फेडावा लागला. हायड्रोजनच्या टाक्या गाव बुडविणार नाहीत. पण त्यांना पाणी लागेल, आणि उन्हाचे मुलूख बहुधा पाण्याचे दुष्काळी असतात. त्यांना जमीन लागेल. आणि तिप्पट वीज घालून एकपट परत घ्यायची, तर जमीनही तिप्पट लागेल.

म्हणून साठा किती मोठा करावा, याआधी तो कोणत्या गरजेसाठी करावा, हे ठरले पाहिजे. रुग्णालयातील दिवा, गावच्या विहिरीवरचा पंप, ढगाळ आठवड्यात शहराचे पाणी, यांसाठी राखलेला हायड्रोजन महाग पडला तरी सार्थकी लागेल. केवळ उधळपट्टी निर्वेध चालावी म्हणून तो साठविला, तर डोक्यावरून तार आणि घरात अंधार हे 1902 चे चित्र नव्या यंत्रांनिशी पुन्हा उभे राहील. पुरा गावाने आपल्या थोड्या गॅसवर आधी पिण्याचे पाणी उपसले. स्वावलंबनाचा अर्थ त्या लहानशा खेड्याने ज्या साधेपणाने ठरविला, तो मोठ्या शहरांनीही ध्यानात घेण्यासारखा आहे.